उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग

दहावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिक वह्या टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या, की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर सगळ्यांचे सारखेच असते: 10 सेंमी. पहिल्या बाकावरच्या मुलीचे 10, शेवटच्या बाकावरच्या मुलाचेही 10. तीन वेळा घेतलेली तिन्ही रीडिंग 10 आणि सरासरीही 10. खिडकीसमोर भिंग धरून, समोरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर आणून ज्याने ते अंतर खरोखर मोजले आहे, त्याला ठाऊक असते की असे कधी होत नाही. प्रतिमा नेमकी कुठे स्पष्ट झाली यावर दोन मुलांचे एकमत होत नाही. मोजपट्टी जरा तिरकी धरली जाते, भिंग धरणाऱ्याचा हात हलतो, मध्येच ढग येतो. कोणाला 9.6 मिळतात, कोणाला 10.4. या 9.6 आणि 10.4 मधल्या फरकाचे काय करायचे, हाच विज्ञानातला पहिला खरा प्रश्न आहे. आणि वहीतून तोच पुसला गेलेला असतो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांच्या कृतिशिक्षणाचा विचार मी या पुसल्या गेलेल्या फरकापासून सुरू करतो. 'कृतीतून शिक्षण' हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवाधारित शिक्षणावर भर आहे, सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. प्रशिक्षणवर्गांत कृतीची महती सांगितली जाते. परंतु मुलाचे हात हलले म्हणजे कृती झाली, असे मला वाटत नाही. ज्याचे उत्तर वर्गातल्या कोणालाच, अगदी शिक्षकालाही, आधीपासून ठाऊक नसते आणि जे उत्तर मिळाल्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडते, त्या शोधात हात गुंतले तरच ती कृती. बाकीचे सगळे पाठांतरच. फक्त ते तोंडाऐवजी हाताने चालते.

यात दोष शिक्षकांच्या आळसाचा आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एखाद्या अनुदानित शाळेत आठवडाभर बसावे. वर्गात साठ-सत्तर मुले, तास पस्तीस मिनिटांचा, प्रयोगशाळेत परिचर असेलच याची खात्री नाही, आणि शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामांची यादी लांबत जाणारी. विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 प्रात्यक्षिकाचे. ते वीस शाळेच्याच हाती असतात, त्यामुळे ते सढळपणे दिले जातात आणि सगळे लक्ष ऐंशींवर लागते. नववीचे 2017 चे आणि दहावीचे 2018 चे पाठ्यपुस्तक उघडून पाहा. पानापानांवर कृती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक चांगल्या आहेत. पण कृतीखालीच तिचा निष्कर्ष छापलेला असतो. मुलगा तो वाचतो, अधोरेखित करतो आणि पुढे जातो. निष्कर्ष आधीच हाती असताना सावली मोजण्यासाठी भर उन्हात अंगणात जाऊन काठी रोवायला कोण तयार होईल?

खानदेशाला कृतिशिक्षणाचा हा विषय नवा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर तालुक्यात खिरोदा नावाचे गाव आहे. धनाजी नाना चौधरी यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तिथे रचनात्मक कामाचा पाया घातला. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले, पुढे विधानसभेचे अध्यक्षही झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण शाळांतले विज्ञानशिक्षण सुधारण्याच्या कामासाठी सुरुवातीच्याच वर्षांत जो परिसर निवडला, तो हा खिरोद्याचा. पदार्थविज्ञानाचे संशोधक केळीच्या पट्ट्यातल्या शाळांत आले, तिथल्या शिक्षकांबरोबर बसले आणि हाताशी मिळेल त्या स्वस्त साहित्यातून प्रयोग कसे उभे राहतील याची खटपट त्यांनी केली. देशभर पुढे ज्याला 'कमी खर्चाचे प्रयोग' म्हटले गेले, त्या विचाराचा एक उगम आपल्या जिल्ह्यात आहे. जळगावच्या किती डी.एड., बी.एड. महाविद्यालयांत हे शिकवले जाते? हा इतिहास आपल्याला पाठ असायला हवा होता.

याच केंद्रातल्या कुलकर्णी आणि गंभीर यांनी पुढे विज्ञानशिक्षणातल्या भाषेच्या अडसराचा अभ्यास केला आणि 1981 मध्ये तो प्रसिद्ध केला. पुस्तकाची भाषा मुलांच्या आवाक्यात आणली, की त्यांची विज्ञानाची समज वाढते, असे त्यात दिसले. खानदेशाच्या शाळांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे. इथला मुलगा घरी अहिराणी बोलतो, रावेर-यावलकडे लेवा गणबोली बोलतो, सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी किंवा भिलोरी. शाळेत त्याला आधी प्रमाण मराठी भेटते आणि तिच्या डोक्यावर संस्कृतातून घडवलेली परिभाषा. 'आपाती कोन' म्हणताना त्याची जीभ अडखळली, की आपल्याला विज्ञान जमत नाही असा समज तो करून घेतो. अंगणात काठीची सावली मोजताना हाच मुलगा ओरडून सांगतो, "सर, आते परत वाढी ऱ्हायनी!" सावली सर्वांत लहान होऊन गेली, हे त्याला दिसलेले असते. निरीक्षण अचूक आहे आणि भाषा त्याची स्वतःची आहे. 'माध्यान्ह' हा शब्द त्याला त्यानंतर द्यावा. अनुभव आधी आणि परिभाषा मागून, हा क्रम ग्रामीण मुलांसाठी सवलत म्हणून पाळायचा नाही. समजण्याचा स्वाभाविक क्रमच तो आहे.

सावलीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण खानदेशाच्या भूगोलाने इथे एक सुंदर प्रयोग फुकट देऊन ठेवला आहे. धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंशांच्या आसपास. रेखांशांत मात्र पाऊण अंशाहून थोडा अधिक फरक आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणजे जळगावला सूर्य त्या दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो, त्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी तो धुळ्याला तसा येतो. नाताळच्या सुमारास जळगावला ही वेळ साधारण 12 वाजून 28 मिनिटे असते आणि धुळ्याला 12 वाजून 31 मिनिटे. बरोबर बाराला का नाही, हा पहिलाच प्रश्न मुलांना भारताच्या प्रमाणवेळेपर्यंत आणि 82.5 अंश रेखावृत्तापर्यंत घेऊन जातो. त्या दिवसांत एक मीटरच्या काठीची दुपारची सावली 98 सेंमीच्या आसपास भरते, जवळजवळ काठीएवढीच.

सावली नेमकी कधी सर्वांत लहान झाली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. दुपारी ती इतकी हळू बदलते, की दहा मिनिटे ती जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते. मुले आधी इथे फसतात. त्यांना तसे फसू द्यावे. मग कोणीतरी विचारते, की सावली सकाळी अमुक लांबीची कधी होती आणि दुपारनंतर पुन्हा तेवढीच कधी झाली, हे पाहिले तर? काठीभोवती खडूने वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवते ती वेळ लिहायची, दुपारनंतर ते पुन्हा शिवते ती वेळ लिहायची. दोन्हींचा मध्य म्हणजे माध्यान्ह. वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. शंकू, म्हणजे अशीच उभी काठी, रोवून दिशा ठरवणाऱ्यांनी तीच वापरली.

आता धुळ्याच्या शाळेने आपली वेळ जळगावच्या शाळेला फोनवर सांगायची. दोन्ही शहरांतले सरळ अंतर सुमारे 80 किलोमीटर. तेवढ्या अंतराला तीन मिनिटे, तर 1440 मिनिटांच्या पूर्ण दिवसाला किती? 38 हजार 400 किलोमीटर. या अक्षांशावरच्या पृथ्वीच्या घेराजवळ, म्हणजे 37 हजार 400 किलोमीटरजवळ, नववीची मुले एका काठीच्या जोरावर पोहोचतात. परंतु त्यांचा फरक चार मिनिटांचा आला तर उत्तर 28 हजार 800 येते. एका मिनिटाची चूक आणि पृथ्वी साडेनऊ हजार किलोमीटरने आकसली! हा आकडा फळ्यावर येतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते आणि लगेच जी भांडणे सुरू होतात, तो माझ्या मते शाळेतला सर्वांत मोलाचा तास. कोणाचे घड्याळ पुढे होते? काठी ओळंब्यात होती का? वर्तुळ कोणी काढले? सावलीची कडा पुसट असते, मग टोक कुठे धरायचे? चूक म्हणजे लाज वाटण्याची गोष्ट नसून मोजण्यासारखी, कमी करता येण्यासारखी गोष्ट आहे, हे मुलांना कुठल्याही व्याख्यानातून कळणार नाही.

हा प्रयोग या मातीत उपरा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात 1207 चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. निकुंभ घराण्याने मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि घाण्यांकडून मठाला किती तेल जावे, हेही त्यात लिहिले आहे. गावातल्या तेलाच्या घाण्यावर गणिताची शाळा पोसली जात होती. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत एक स्वतंत्र यंत्राध्याय आहे. शंकू, घटी, फलक अशी उपकरणे त्यात सांगितली आहेत, आणि साध्या काठीच्या व बुद्धीच्या बळावर उंची-अंतर काढण्याच्या रीतीला तिथे धीयंत्र म्हटले आहे. हा वारसा आपण व्याख्यानांत आणि नावांच्या पाट्यांवर मिरवतो. त्याचा खरा मान प्रत्येक हायस्कूलच्या अंगणात एक काठी उभी राहील तेव्हाच राखला जाईल.

सावलीच्या प्रयोगातून गावाला काही मिळत नाही, असे कोणी म्हणेल. मग कापसाकडे वळू. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीची दैना केली. खानदेशातल्या बागायती, पूर्वहंगामी कपाशीने अळीला लवकर आसरा मिळतो, म्हणून पुढे 1 जूनआधी बियाणे विकू नये असे बंधन आले. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या दोन घटनांच्या मध्ये एक अगदी साधे मोजमाप उभे आहे. शेतात कामगंध सापळा लावायचा, रोज सकाळी त्यातले नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, तर अळीने नुकसानीची पातळी ओलांडली असे समजायचे आणि मगच उपाय योजायचा. त्याआधीची फवारणी म्हणजे पैशांची आणि जिवाची नासाडी.

हे मोजण्याचे काम शाळा करू शकते. आठवी-नववीतल्या मुलांच्या घरी किंवा शेजारी कपाशी असते. गावाच्या वेगवेगळ्या बाजूंना सापळे लागले, की ती मोजणी शाळेला येता येता होते. सापळ्यातला पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, नखाएवढा. दुसरे किडे वगळून तो ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. ल्यूर, म्हणजे नरांना सापळ्यात ओढणारे गंधाचे आमिष, उघड्या हाताने हाताळायचा नाही आणि ठरल्या मुदतीत बदलायचा, नाहीतर सापळा रिकामा राहतो आणि अळी नाही असा खोटा दिलासा मिळतो. जिनिंगजवळच्या सापळ्यात पतंग अधिक का येतात? साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून ते बाहेर पडतात म्हणून. मग गावाची सरासरी काढताना तो सापळा धरायचा की सोडायचा? सांख्यिकीच्या धड्यात सरासरी, मध्यक आणि बहुलक शिकवतात; त्यांतले कोणते कधी वापरावे हा प्रश्न इथे पोटाशी येऊन भिडतो. फुलाच्या पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेली डोमकळी दिसली, की ती तोडून आत अळी आहे का हे पाहायचे. कीटकनाशकाला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम मात्र दगडावरच्या रेघेसारखा पाळला गेला पाहिजे. मुलांनी मोजावे, निर्णय मोठ्यांनी घ्यावा. पण मुलीने शाळेच्या वहीतून आणलेल्या आकड्यावर बापाने एक फवारणी वाचवली, तर त्या घरात शिक्षणाची किंमत कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

पाण्याचेही असेच. यावल-रावेर भागातल्या केळीने जमिनीखालचे पाणी इतके उपसले, की या तालुक्यांची नोंद अतिउपशाच्या यादीत झाली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मधले महिने मोकळे असतात. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय आहे. त्याचा प्रकल्प इंटरनेटवरची चित्रे चिकटवून पुरा करण्यापेक्षा, कठडा असलेल्या एखाद्या विहिरीची पातळी शिक्षकांसोबत दरमहा एकाच वेळी मोजली आणि पाऊस व केळीच्या पाण्याच्या पाळ्या शेजारी लिहिल्या, तर दोन वर्षांत शाळेकडे जो आलेख तयार होईल तो ग्रामसभेत टांगण्याजोगा असेल. साक्री तालुक्यात पांझरेकाठी तर शतकांपूर्वीची फड पद्धत डोळ्यांसमोर आहे: बंधारा, त्यातून निघालेला पाट, एका फडात एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी हे पाहणारा पाटकरी. सरळ पाटाचे दहा मीटर अंतर आखायचे, त्यात वाळलेली काडी सोडायची, वेळ घ्यायची. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने धावते म्हणून आलेले उत्तर थोडे कमी करून घ्यायचे. मग शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत किती पाणी पोहोचते ते मोजायचे. वाटपाचा न्याय हा नागरिकशास्त्राचा प्रश्न अशा वेळी लिटरमध्ये मांडता येतो.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. "पोराला मातीतच हात घालायचे असते तर शाळेत कशाला धाडले असते?" असे पालक विचारतात. या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे. हाताचे काम ज्यांच्या माथी जन्माने मारले गेले, त्यांना शाळा ही त्या कामातून सुटण्याची वाट वाटते, आणि ते अगदी रास्त आहे. हाताच्या कामाला मान देण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला आहे. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावठी साहित्यातून ते नगर सजवले, ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले गेले. वर्षभरातच ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. हस्तोद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा थोर होता. परंतु व्यवहारात गरिबाच्या मुलाला टकळी आणि सधनाच्या मुलाला इंग्रजी शाळा अशी वाटणी झाली, तेव्हा ती योजना लोकांच्या मनातून उतरली.

या आक्षेपाला उत्तर आहे आणि ते जोतीराव फुल्यांपाशी सापडते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा आग्रह धरला. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचणारा माणूस हे मागत होता, कारण त्याला श्रम आणि विद्या यांची फारकत मोडायची होती. फरक यातच आहे. मुलाला बापाचा धंदा शिकवायचा असेल, तर शाळा नकोच. तो शेतात अधिक चांगला शिकेल. शाळेने त्याला त्या धंद्याकडे प्रश्न विचारत पाहायला शिकवावे. म्हणून सापळ्यातले पतंग शेतकऱ्याच्या मुलाने मोजावेत तसे डॉक्टरच्या मुलीनेही मोजावेत. जळगाव शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेनेही तेच काम, तेवढ्याच गुणांसाठी करावे. हा नियम ज्या दिवशी सगळ्यांना सारखा लागेल, त्या दिवशी पालकांचा संशय मावळेल. त्याआधी नाही.

पाबळच्या विज्ञान आश्रमाने हे बऱ्याच अंशी करून दाखवले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात काम सुरू केले. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत काम करायचे आणि त्या कामातून गावाला सेवा द्यायची, अशी मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाची रचना. मुलगे असोत की मुली, वेल्डिंगही सगळ्यांना आणि रक्तगट तपासणीही सगळ्यांना. राज्य मंडळाने त्या विषयाला मान्यता दिली. चार विभाग सक्तीचे ठेवण्यात कलबागांची दूरदृष्टी होती: कोणत्याही मुलाला एकाच धंद्यात कोंडता येऊ नये.

साधनांबद्दल थोडक्यात. 2016 पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत निधी मिळतो. त्रिमिती मुद्रक, संवेदक, रोबोटचे सुटे भाग. चांगले आहे; मुलांच्या हाती ते खरोखर येत असेल तर फारच चांगले. पण महागडी वस्तू मोडेल या धाकाने खोलीला कुलूप लागते, पाहुणे आले की उघडते आणि ठरलेल्या चार मुलांचे प्रात्यक्षिक होते. शिवाय संचासोबत येणाऱ्या पुस्तिकेत पायऱ्या आणि उत्तर छापलेलेच असते. माझी पसंती साधे साधन आणि कठीण प्रश्न यांच्या जोडीला आहे. आठवड्याच्या बाजारात मिळणारी मोजपट्टी, कमाल-किमान तापमापी, पर्जन्यमापक, तराजू. केळीचा फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमानावर ठरतो. थंडीच्या लाटेत केंद्राचा आकडा एक आणि आपल्या बागेतली थंडी दुसरीच, ही तक्रार रावेरच्या पारावर दर हिवाळ्यात ऐकू येते. शाळेतल्या तापमापीची रोजची नोंद विमा कंपनी मान्य करणार नाही हे खरे, पण दोन ठिकाणच्या तापमानात किती आणि का फरक पडतो हे गावाला आकड्यांनिशी बोलता येईल. संवेदक लागतोच असेल तर तो इथे लावावा.

राहता राहिली परीक्षा, आणि खरी अडचण तीच आहे. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात 1972 मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो पसरत हजाराच्या आसपास शाळांपर्यंत गेला. त्यांनी पुस्तकातून छापील उत्तरे काढून टाकली, आणि तेवढ्यावर न थांबता परीक्षाही बदलली. आठवीची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होई आणि प्रयोग मुलाने स्वतः करून दाखवायचा असे. आपले अरविंद गुप्ता, ज्यांनी काडेपेटीच्या काड्यांतून देशभरच्या मुलांना भूमिती दाखवली, ते याच कार्यक्रमाच्या सान्निध्यात घडले. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले. त्यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही. आणि एखादे चांगले काम सरकारच्या मर्जीवर टांगून ठेवले तर ते तिथून कधीही खाली पडू शकते. गावाचा त्यात जीव गुंतलेला असेल तर त्याला हात लावणे अवघड जाते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि ती शाळेच्या अधिकारात बसते. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांपैकी दहा गुण वर्षभर चाललेल्या एका स्थानिक मोजणीला द्यावेत. विषय शाळेने गावाकडे पाहून निवडावा: चोपड्याला कपाशी, यावलला केळी आणि विहिरी, साक्रीला पाट, शिरपूरला बंधाऱ्यांतले पाणी, बारीपाड्याच्या आसपास रानभाज्या. गुण उत्तराला द्यायचे नाहीत. रीडिंग केव्हा घेतले, जुळले नाही तेव्हा काय केले, वहीत खाडाखोड प्रामाणिक आहे का, यांना द्यायचे. सगळ्यांची रीडिंग सारखी आली तर शिक्षकाने ती वही परत करावी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची रंगवलेली प्रतिकृती मांडण्याऐवजी ही नोंदवही मांडू द्यावी, आणि परीक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे, की तुझा कोणता आकडा तुला संशयास्पद वाटतो आणि का?

पहिल्या वर्षी नोंदी तुटक असतील. दिवाळीच्या सुट्टीत सापळे कोणी पाहणार नाही, परीक्षेच्या काळात विहीर मोजायची राहून जाईल, एखादी वही पावसात भिजेल. चालेल. दुसऱ्या वर्षी पुढची तुकडी मागच्या तुकडीच्या चुका वाचून सुरुवात करेल. आणि तिसऱ्या वर्षीपर्यंत त्या नोंदी अशा असाव्यात, की जुलै-ऑगस्टमध्ये कृषी सहायकाला गावात शिरल्यावर आधी शाळेत जाऊन नववीच्या मुलींकडे मागच्या तीन रात्रींचा आकडा विचारावासा वाटेल.